३४ अंगठे आणि एक उलटा : पुण्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

सिंहगड रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत ही सोसायटी आहे. चार विंग, ५६ फ्लॅट, बांधकामाला वीस वर्षं उलटून गेलेली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या सभा, इतिवृत्तं आणि आपसांतले वाद यांत मदत करणं हे माझं काम, आणि त्यासाठीच जून २०२५ मध्ये कमिटीने मला बोलावलं. वाद पैशांचा आहे असं फोनवर सांगितलं होतं. तिथे गेल्यावर कळलं की भांडण चाललंय ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्यांवरून.

मेच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सेक्रेटरींनी ग्रुपवर मेसेज टाकला होता : “नमस्कार. सोबत बाहेरील रंगकाम व वॉटरप्रूफिंगचे कोटेशन जोडले आहे. काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करायचे आहे. प्रति फ्लॅट अंदाजे ३८,००० रुपये. कृपया पाहून घ्यावे. काही सूचना असल्यास कळवाव्यात.” सोबत सात पानांची पीडीएफ. रात्रीपर्यंत त्यावर ३४ अंगठे वर आणि एक खाली. मंगळवारी कंत्राटदाराला ५ लाखांचा अ‍ॅडव्हान्स गेला. पुढच्या आठवड्यात बी विंगला परांची बांधून झाली.

त्या वर्षीचा मे पुणेकरांच्या चांगला लक्षात आहे. वळवाची एखादी सर येऊन जावी तसं झालं नाही, पाऊस लागूनच राहिला. २६ मेला तर मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याचं हवामान खात्याने जाहीरही करून टाकलं. बी विंगच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर प्रायमरचा हात मारून झाला होता, त्याला फुगे आले. बोट लावलं की पोपडा हातात. काम थांबलं. १ जूनला प्रत्येक फ्लॅटच्या नावाने मागणीपत्रं निघाली आणि ग्रुप पेटला. सभा कधी झाली, मंजुरी कोणी दिली, असे प्रश्न सुरू झाले. सेक्रेटरींचं सगळ्यांना एकच उत्तर होतं : “३४ जणांनी अंगठा दिलाय. आता मागे कसे फिरता?”

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सेक्रेटरींनी कुणाला फसवलं नव्हतं. नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता हा माणूस टाकीच्या मोटारीपासून लिफ्टच्या वार्षिक देखभाल करारापर्यंत सगळं बघतो. ३४ अंगठे पाहून त्यांना मनापासून वाटलं की सोसायटी आपल्या पाठीशी आहे. उपविधींनी, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीने, कमिटीच्या खर्चाला मर्यादा घातली आहे आणि एवढ्या रकमेला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, हे त्यांना माहीत होतं. पण सभेची औपचारिकता सप्टेंबरच्या वार्षिक सभेत उरकू, मान्यता तर मिळालीच आहे, असं त्यांनी धरलं. कायद्याच्या अंगाने प्रकरण इथेच संपतं, कारण अंगठे कितीही असले तरी ते सभेच्या ठरावाची जागा घेऊ शकत नाहीत. मला मात्र वेगळी गोष्ट समजून घ्यायची होती. ते गृहीत धरणं चुकलं कुठे?

अंगठा उत्तर होता, पण कशाचं?

मेसेज पुन्हा वाचा. त्यात प्रश्नच नाही. “मान्य आहे का?” असं कुठेही विचारलेलं नाही. विचारलेलं काही असेल तर ते “कृपया पाहून घ्यावे” एवढंच, आणि त्याचं सरळ उत्तर “पाहिलं” हे. वाचणाऱ्याने अंगठा दाबला तो त्या वाक्याला. सेक्रेटरींनी तो मोजला “काम करायचे आहे” या वाक्यासाठी. एकाच मेसेजमध्ये तीन-चार वाक्यं असतात आणि अंगठा एकच असतो. तो कोणत्या वाक्यावर ठेवला, हे दाबणाऱ्यालाही दर वेळी ठाऊक असतं असं नाही.

सेक्रेटरींच्या फोनवर आम्ही दोघांनी मिळून ती यादी उघडली आणि एकेक नाव तपासलं. ३४ पैकी सहा भाडेकरू होते, म्हणजे सभासदच नाहीत. पाच फ्लॅटमधून नवरा-बायको दोघांनीही अंगठे दिले होते, तेव्हा ते पाच दुबार. एक गृहस्थ फ्लॅट विकून बाणेरला राहायला गेलेले, पण ग्रुपमधून कुणी काढलं नाही म्हणून अजून आत, आणि जुन्या सवयीने अंगठा देऊन मोकळे. उरले २२ फ्लॅट. ५६ पैकी २२, म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. या हिशेबाला कागद-पेन घेऊन बसलं तर अर्धा तास लागतो. अ‍ॅडव्हान्सचा चेक फाडण्यापूर्वी तो अर्धा तास कुणी काढला नाही, कारण ‘३४’ हा आकडा पडद्यावर आयता लिहून आलेला होता. आयत्या आकड्यावर माणसाचा फार पटकन विश्वास बसतो.

मग त्या २२ घरांत जाऊन किंवा फोन करून मी एकच प्रश्न विचारला : तुम्ही अंगठा दिलात तेव्हा मनात काय होतं? कामाला मान्यता होती असं ११ घरांनी सांगितलं, आणि त्यातली सात घरं कमिटीतल्यांचीच. बाकीची उत्तरं ऐकण्यासारखी होती.

हिंजवडीला आयटीत असलेल्या एका तरुणाने सांगितलं की ऑफिसच्या चॅटवर साहेबांच्या मेसेजला अंगठा द्यायचा तो ‘बघितलं’ म्हणून, नाहीतर ते फोन करून विचारतात. तीच सवय इथे आली. सी विंगच्या एक काकू म्हणाल्या, “अहो, तो पोरगा एवढं राबतो सगळ्यांसाठी. मी त्याच्या प्रत्येक मेसेजला अंगठा देते. त्याला बरं वाटतं.” पीडीएफ त्यांनी उघडलीच नव्हती. त्यांच्या अंगठ्यात माया होती, आणि हिशेबात ती ३८,००० रुपयांची मंजुरी ठरली. एका घरात फोन आजोबांचा, पण अंगठा नातवाने दिलेला. न्यू जर्सीहून एका मालकाने दिलेला अंगठा निव्वळ हजेरीचा होता : दूर असलो तरी लक्ष आहे, एवढं कळवण्यासाठी. आणि दोघांनी कबूल केलं की कमिटीतल्या सगळ्यांचे अंगठे आधीच दिसत होते, आपला नसला तर बरं दिसत नाही, म्हणून दिला.

हे शेवटचं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पहिले पाच अंगठे मेसेज आल्यावर मिनिटाच्या आत पडले होते. सात पानांचं कोटेशन मिनिटात वाचून होत नाही. म्हणजे ते कोटेशन वाचून दिलेले नव्हते, पण नंतर येणाऱ्याला वाट दाखवायला ते पुरेसे होते. या ओढीवर संशोधन झालेलं आहे. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका संकेतस्थळावर लोकांच्या एक लाखाहून जास्त प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी सुरुवातीलाच, काही न बघता, एक अनुकूल मत देऊन टाकलं. पुढे अशा प्रतिक्रियांचा अंतिम गुणांक सरासरी २५ टक्क्यांनी वाढला. सुरुवातीच्या प्रतिकूल मताचा परिणाम मात्र पुढच्या वाचकांनी भरून काढला. तिथे मत देणारे एकमेकांना दिसत नव्हते. इथे तर प्रत्येक अंगठ्याखाली शेजाऱ्याचं नाव.

उलटा अंगठा

खाली अंगठा दिला होता डी विंगच्या एका काकांनी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला जाणारे.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज दाबून धरला की समोर जी ठरलेली सहा चिन्हं येतात त्यांत वर अंगठा आहे, हृदय आहे, हसू, आश्चर्य, अश्रू आणि जोडलेले हात आहेत. खाली अंगठा नाही. मे २०२२ मध्ये ही सोय आली तेव्हा तो देताच येत नव्हता. त्याच वर्षी जुलैपासून कुठलंही चिन्ह देता येऊ लागलं, पण त्यासाठी अधिकच्या खुणेवर जाऊन ते शोधावं लागतं. वर अंगठा सहज पडतो, खाली अंगठा द्यायचा तर माणसाला ठरवून द्यावा लागतो. त्या संध्याकाळी ग्रुपमध्ये ठरवून दिलेलं मत कदाचित हे एकच होतं, आणि त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

कारण मी विचारलं. काका म्हणाले, “काम करू नका असं माझं म्हणणंच नव्हतं. मेमध्ये करू नका एवढंच होतं. भिंतीत गेल्या पावसाचं पाणी आहे, आधी तडे भरायचे, मग ती पुरती सुकू द्यायची. ओल्या भिंतीवर प्रायमर मारला की आतलं पाणी बाहेर यायला बघतं आणि रंगाला फुगे येतात.” हे सगळं लिहायला त्यांना मोबाइलवर वेळ लागतो. सभेत बोलू, तोवर खूण करून ठेवू, असा त्यांचा विचार. सभा झालीच नाही.

झालं ते वेगळंच. काकांच्या खाली अंगठ्यानंतर दहा मिनिटांत ग्रुपवर एक वाक्य आलं : “दर वेळी नकारघंटा वाजवायची सवय असते काहींना. काम करणाऱ्यांना काम करू द्या.” नाव कुणाचंच नव्हतं, पण रोख कुणावर ते सगळ्यांना कळलं. आणि त्या वाक्यावर ११ अंगठे वर पडले. काकांना ते वाक्य तितकं लागलं नाही जितके ते ११ अंगठे लागले. त्यांत त्यांच्यासमोरच्या दाराचंही नाव होतं, ज्या घराशी दिवाळीच्या फराळाची ताटं पंधरा वर्षं येत-जात होती. त्या रात्रीच काका ग्रुपमधून बाहेर पडले. ऑगस्ट २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप सोडला की त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनना जाते. बाकी कुणाला पत्ताच लागला नाही. काका सगळं वाचतात आणि गप्प बसतात, असं लोक पुढे महिनाभर धरून चालले.

समोरच्या वहिनींना मी त्या अंगठ्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “मी काम करणाऱ्यांना काम करू द्या, याला दिला हो. काकांवर कुठे होता तो?” पुन्हा तेच. दोन वाक्यांचा मेसेज आणि एक अंगठा. त्यांनी एका वाक्याला दिला, काकांनी दुसऱ्या वाक्यावर वाचला.

खाली अंगठ्याचं काय करायचं हा प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांनाही सहज सुटलेला नाही. यूट्यूबने १० नोव्हेंबर २०२१ ला नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला. बटण ठेवलं, आकडा फक्त व्हिडिओ टाकणाऱ्याला दिसू लागला. ठरवून झुंडीने नापसंती देण्याचे प्रकार होतात आणि लहान चॅनेलना त्याचा जास्त त्रास होतो, असं कारण त्यांनी दिलं. फेसबुकने लाइकचं बटण २००९ मध्ये आणलं, २०१६ मध्ये त्यात राग, दुःख वगैरेंची भर घातली, पण सरळ नापसंतीचं बटण काही दिलं नाही. प्रोग्रामर मंडळींच्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर उत्तराला प्रतिकूल मत दिलं की मत देणाऱ्याचाही एक गुण कापला जातो, म्हणजे नापसंतीची थोडी किंमत स्वतःला मोजावी लागते. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाच्या शिष्टाचारात तर स्पष्ट म्हटलंय की केवळ मत पटलं नाही म्हणून खाली बाण देऊ नका, चर्चेत भर न घालणाऱ्या मजकुराला द्या. व्यवहारात तिथले लोक न पटलेल्यालाच देतात. या सगळ्या ठिकाणी माणसं एकमेकांना अनोळखी असतात. सोसायटीत खाली अंगठा देणारा उद्या लिफ्टमध्ये भेटणार असतो. ए विंगमधली कॉलेजात जाणारी मुलगी मला म्हणाली, “मलाही एवढे पैसे पटले नव्हते, पण इथे नाव दिसतं ना!” नाव दिसण्यामुळे किती उलटे अंगठे पोटातच राहिले असतील, ते कुठल्याच यादीत सापडणार नाही.

न्यायालयांत गेलेले अंगठे

जूनच्या शेवटी विशेष सर्वसाधारण सभा झाली. पार्किंगमध्ये भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आदर्श उपविधींप्रमाणे गणपूर्तीला, म्हणजे सभा भरण्यापुरत्या हजेरीला, एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा २० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. इथे ४१ फ्लॅटचे लोक हजर होते.

बी विंगमधले एक वकील कमिटीच्या बाजूने बोलायला उभे राहिले. त्यांनी कॅनडाचा निकाल काढला. सस्कॅचेवान प्रांतातल्या एका शेतकऱ्याला धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये जवसाच्या कराराचा फोटो पाठवून दुजोरा मागितला. शेतकऱ्याने अंगठा पाठवला, पण पुढे माल दिला नाही. करार मिळाला एवढंच मला कळवायचं होतं, असं त्याचं म्हणणं. २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा सहीसारखा धरला आणि ८२,२०० कॅनेडियन डॉलरच्या आसपास भरपाई ठोठावली. डिसेंबर २०२४ मध्ये वरच्या न्यायालयानेही बहुमताने तो निकाल कायम केला. वकीलसाहेब खाली बसले तेव्हा सभेत शांतता होती.

त्यावर एका तरुण सभासदाने मद्रास उच्च न्यायालयाचं प्रकरण सांगितलं. मेघालयात एका वरिष्ठ अधिकाऱ्याची हत्या झाली, त्याबद्दलच्या ग्रुपवरच्या मेसेजला रेल्वे सुरक्षा दलाच्या एका कॉन्स्टेबलने अंगठा दिला. त्याने हत्येचा आनंद व्यक्त केला असं मानून त्याला नोकरीतून काढलं गेलं. २०२४ मध्ये खंडपीठाने त्याला नोकरीत परत घेण्याचा आदेश कायम ठेवला : अंगठा हा ‘ओके’ला पर्याय असू शकतो, मेसेज पाहिल्याची ती खूण आहे, त्यातून हत्येचा आनंद निघत नाही.

दोन निकाल उलट दिशांना जातात असं सभेला वाटलं. मला तसं वाटत नाही, आणि सभेत मी तेच मांडलं. कॅनडाच्या न्यायालयाने एकटा अंगठा पाहिला नव्हता. तो शेतकरी आणि ती कंपनी यांचे आधीचे व्यवहार पाहिले. पूर्वीही कंपनी करार पाठवायची, शेतकरी ‘ठीक’, ‘हो’ असा एखादा शब्द पाठवायचा आणि मग माल पोहोचवायचा. त्यांच्यात तो एक शब्द म्हणजे करार, ही रीत आधीच पडलेली होती. अंगठा त्या शब्दाच्या जागी आला, म्हणून त्याला शब्दाचं वजन मिळालं. आता हीच कसोटी या सोसायटीला लावू. सेक्रेटरींच्या संमतीने गेल्या सहा महिन्यांचे मेसेज आम्ही वर सरकवत पाहिले होते. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद : अंगठे. टँकर पाच वाजता येईल : अंगठे. लिफ्ट दुपारपर्यंत बंद : अंगठे. कचरा वेगळा करून द्यावा : अंगठे. अंगठ्यावर पैशाचा निर्णय झाल्याचं एकही उदाहरण नाही. पाणी बंद राहील या निरोपावर अंगठा देणाऱ्याला पाणी बंद राहावं असं वाटत असतं का? या ग्रुपची रीत ‘पोचलं’ अशी होती. वकीलसाहेबांनी आणलेल्या निकालाच्याच तर्काने ते ३४ अंगठे पोच ठरतात. वकीलसाहेबांनी ते मोकळेपणाने मान्य केलं, हे मी आवर्जून लिहितो.

मग चिठ्ठ्यांवर मतदान झालं, एका फ्लॅटला एक चिठ्ठी. काम दिवाळीनंतर, तीन कोटेशनं मागवून, अ‍ॅडव्हान्स अंतिम बिलात वळता करून घ्यायचा : बाजूने ३६, विरुद्ध ३, कोऱ्या २. काका सभेला आले होते. भिंत सुकण्याबद्दल ते चार-पाच मिनिटं बोलले आणि पार्किंगमधला एकही माणूस मध्ये बोलला नाही. सभा संपल्यावर समोरच्या वहिनी त्यांच्याशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

पुढे काय ठरलं आणि काय अडलं

ठरवलेल्या गोष्टी थोड्या आहेत. निरोपांचा ग्रुप वेगळा केला, तिथे फक्त कमिटी लिहू शकते. तिथल्या अंगठ्याचा अर्थ पोच, आणि तसं प्रत्येक मेसेजच्या शेवटी लिहिलेलं असतं. एका मेसेजमध्ये एकच गोष्ट. खर्चाचा निर्णय सभेतच. गणपतीत जेवण कोणत्या दिवशी ठेवायचं, अशा गोष्टींना व्हॉट्सअ‍ॅपचा पोल, आणि त्यात ‘आणखी माहिती हवी’ हा पर्याय ठेवायचाच. हा शेवटचा पर्याय माझा आग्रह होता. हो आणि नाही यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला पाय ठेवायला जागा हवी, नाहीतर तो वर अंगठा देऊन सुटका करून घेतो. आणि कुणी खाली अंगठा दिला तर त्यावर ग्रुपमध्ये कुणीही काही लिहायचं नाही, सेक्रेटरींनी त्या माणसाला फोन करून कारण विचारायचं आणि त्याच्या परवानगीने ते ग्रुपवर मांडायचं. हा नियम मला सर्वांत जवळचा वाटतो. खाली अंगठा म्हणजे कुणीतरी काहीतरी पाहिलं आहे जे आपण पाहिलेलं नाही, निदान तशी शक्यता आहे, हे धरून चाललं पाहिजे. बी विंगच्या भिंतीने ते दाखवून दिलं.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. पोलमध्ये एका नंबराला एक मत पडतं, एका फ्लॅटला एक असं बांधता येत नाही, त्यामुळे मोजणी हातानेच करावी लागते. पोलला प्रतिसादही अंगठ्यांपेक्षा कमी येतो. सी विंगच्या काकू अजूनही सेक्रेटरींच्या प्रत्येक मेसेजला अंगठा देतात, आणि त्यांनी तो द्यावाच असं मला वाटतं. काका ग्रुपमध्ये परतलेले नाहीत. त्यांच्यासाठी आणि व्हॉट्सअ‍ॅप न वापरणाऱ्या आणखी तीन घरांसाठी प्रत्येक नोटीस छापून लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागते. नव्या कोटेशनांवर काकांनी पेन्सिलने टिपणं काढून दिली, आणि नोव्हेंबरात बी विंगची भिंत खरवडून काम पुन्हा सुरू झालं. परांचीच्या भाड्याचे पैसे कुणी सोसायचे यावर कंत्राटदाराशी बोलणी अजून चालू आहेत.

सुटलेला नाही तो भाडेकरूंचा प्रश्न. त्या सहा अंगठ्यांना मत म्हणून किंमत नाही, हे बरोबरच. पण त्यातल्या एका घरात पावसाळाभर बेडरूमच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं, मालक दुबईला, आणि ओलीबद्दल सर्वांत जास्त माहिती त्याच घराला होती. भाडेकरूंचं म्हणणं सभेपुढे कसं आणायचं, मालकामार्फत की थेट लेखी, यावर कमिटीत दोन मतं आहेत. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घेतला आहे.